सॅकला खोळ हवी का?

जून महिना लागला की शाळेच्या सूचनाफलकावर पदभ्रमणाची सूचना लागते. यंदाही लागली. वर ठळक अक्षरांत 'राजगड' आणि खाली 'सोबत आणावयाच्या वस्तू': पाण्याची बाटली, बॅटरी, दोन वेळचा डबा, बदलण्याचे कपडे, पाठीवरची सॅक आणि सर्वांत शेवटी 'सॅकला रेनकव्हर (आवश्यक)'. ही यादी मीच केली होती. 'केली' म्हणण्यापेक्षा गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून उतरवून काढली होती, असे म्हणणे खरे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, माझं नाव यादीतून काढा." कारण विचारले तेव्हा थोडी घुटमळली. मग म्हणाली, "सॅक मामेभावाची मिळाली आहे. पण तिला रेनकव्हर नाही. दौंडला दुकानात विचारून आले..." पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही आणि मलाही ते ऐकण्याची गरज नव्हती. जाता जाता मात्र ती वळली आणि तिने विचारले, "पण सर, ते खरंच लागतं का हो?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कंसात 'आवश्यक' असा शब्द लिहावा आणि तो का लिहिला हे त्याला सांगता येऊ नये, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे. त्या मुलीला द्यायचे उत्तर शोधताना जो विचार झाला, तो विद्यार्थी मित्रांपुढे आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. सॅकला बाहेरून खोळ असणे सोयीचे आहे, पण आवश्यक नाही. आवश्यक आहे ते सॅकच्या आत. आता हे मत कसे बनले ते पाहू. ते पटते की नाही, हे शेवटी तुम्ही तराजू घेऊनच ठरवायचे आहे.

इथला पाऊस आणि तिथला पाऊस

आमचे कुरकुंभ पुणे-सोलापूर महामार्गावर, दौंडच्या दक्षिणेला आहे. राजगड इथून पश्चिमेला, सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. एवढ्याशा अंतरात पावसाचे रूप पार बदलून जाते. नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी तिथेच टाकून देतात. पूर्वेकडे उतरताना तेच वारे पुन्हा तापतात व कोरडे होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या घरात आणि आमच्या दौंड तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. आपण पर्जन्यछायेत राहतो, हे भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही वाचलेच आहे.

परंतु फरक केवळ आकड्यांचा नाही. आपल्याकडचा पाऊस बहुधा वळवाच्या चालीचा असतो. ऊन पडलेले असते, दुपारनंतर ढग दाटतात, टपोरे थेंब पडतात, अर्धा तास झोडपून काढतात आणि मग पुन्हा ऊन. जुलै-ऑगस्टपेक्षा सप्टेंबरमध्येच तो अधिक जोर धरतो. फिरंगाई देवीच्या टेकडीवर गेलेला माणूस अशा सरीत सापडला तर तासाभरात वाळतोही. राजगडावरचा जुलैतला पाऊस निराळा असतो. तिथे गड ढगातच बुडालेला असतो. थेंब बारीक, पण ते थांबत नाहीत आणि वाऱ्यावर स्वार होऊन येतात. तिथे भिजलेला माणूस दिवसभर वाळत नाही.

या दोन पावसांचा फरक आपल्या वाडवडिलांनी पुस्तकाशिवाय ओळखला होता. मावळात आणि कोकणात भाताची लावणी करणारे लोक इरले वापरीत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे थर. ते डोक्यापासून पाठीवर खालपर्यंत येते, कारण लावणी करणारा माणूस वाकलेला असतो आणि संततधार त्याच्या पाठीवरच पडत असते. आपल्याकडच्या मेंढपाळांनी मात्र इरले वापरले नाही. त्यांच्या खांद्यावर घोंगडी असे. ऊन असले तर घडी, थंडी असली तर पांघरूण, जमिनीवर टाकली तर बैठक आणि सर आली की तिचीच खोळ करून डोक्यावर. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब टिकवून धरते. अर्ध्या तासाच्या सरीला घोंगडी पुरते. चार महिन्यांच्या संततधारेला पुरत नाही. साधन कोणते घ्यायचे हे पाऊस ठरवतो, हा पहिला धडा.

सॅकवर पाणी पडते तरी किती?

आता थोडे गणित करू. पावसाचे माप मिलिमीटरमध्ये का सांगतात हे ठाऊक आहे ना? एक चौरस मीटर सपाट जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. तुमची सॅक ३० सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल आणि ५० सेंटिमीटर उंच आहे असे धरा. वरून पाहिले तर तिचे क्षेत्रफळ ०.३ × ०.२ म्हणजे ०.०६ चौरस मीटर. कुरकुंभला अर्ध्या तासात १० मिलिमीटरची चांगली सर आली आणि थेंब सरळ खाली पडले, तर सॅकवर पडणारे पाणी ०.६ लिटर. त्यातले बरेचसे ओघळून जाते.

गडावर थेंब सरळ पडत नाहीत. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने खाली येतो. वाराही सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर थेंबाची वाट ४५ अंशांनी तिरकी होते. सह्याद्रीच्या धारेवर पावसाळ्यात याहून जोराचा वारा ही रोजचीच गोष्ट आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तर कड्यावरून पडू पाहणारे पाणी वारा उलटे वर फेकतो, ते पाहायला माणसे मुद्दाम जातात. आपल्याकडचे टपोरे थेंब मात्र सेकंदाला ८-९ मीटर वेगाने पडतात, म्हणून तेवढ्याच वाऱ्यात ते कमी तिरके होतात.

पाऊस ४५ अंशांनी तिरका झाला की सॅकच्या उभ्या पाठीवरही तेवढाच मारा होतो. त्या बाजूचे क्षेत्रफळ ०.३ × ०.५ म्हणजे ०.१५ चौरस मीटर. ताशी १० मिलिमीटर पावसात वारा पाठीमागून घेऊन तीन तास चाललात, तर वरच्या बाजूला ०.०६ × ३० म्हणजे १.८ लिटर आणि पाठीमागच्या बाजूला ०.१५ × ३० म्हणजे ४.५ लिटर, एकूण ६.३ लिटर पाणी सॅकवर येते. आपल्या सरीच्या दहापट! तेव्हा 'सॅक भिजेल का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कुरकुंभच्या टेकडीसाठी एक आणि राजगडासाठी दुसरे.

कापड पाणी कसे अडवते?

छत्रीचे कापड उजेडाकडे धरून भिंगातून पाहा. धाग्यांमध्ये बारीक भोके दिसतात, तरी पाणी आत येत नाही. पाण्याच्या पृष्ठताणामुळे भोकाच्या तोंडावर जणू एक ताणलेला पडदा तयार होतो आणि तो थेंबाला पेलून धरतो. धाग्यांवर पाणी न धरणाऱ्या द्रव्याचा लेप असेल तर हा पडदा अधिक पक्का होतो. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही, तसे. १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगालमध्ये रेनकोटांचा स्वदेशी उद्योग काढला आणि त्या मालाचे नाव 'डकबॅक', म्हणजे 'बदकाची पाठ', असे पडले ते उगाच नव्हे. त्याच्याही आधी, १८२३ मध्ये, स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले होते. आजच्या सॅकच्या आतल्या बाजूला रबराऐवजी बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. जुन्या सॅकमधून पांढरा-पिवळा भुगा पडतो तो हाच थर. दमट हवेत वर्षानुवर्षे राहून तो विघटन पावतो आणि सुटू लागतो.

थराच्या कापडावर दुकानदार '१५०० मिलिमीटर', '२००० मिलिमीटर' असे आकडे दाखवतात. त्याचा अर्थ एवढाच की तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन होईपर्यंत कापडातून पाणी झिरपत नाही. ताशी चौदा किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला ४ मीटर वेगाने आदळणाऱ्या पाण्याचा दाब किती? v²/२g या सूत्रात किंमती घाला: १६ भागिले १९.६, म्हणजे सुमारे ०.८ मीटर, अर्थात ८०० मिलिमीटर. कापड तो सहज पेलेल. पण सॅक म्हणजे नुसते कापड नव्हे. ती शिवलेली असते आणि प्रत्येक टाक्याला सुईचे एक भोक असते. तिला चेन असते. तिला पट्टे असतात आणि पट्ट्यांच्या मुळाशी तर टाक्यांची दाटी असते. पाणी शिरते ते इथून. हंड्याचा पत्रा कितीही जाड असला तरी तो गळतो तो सांध्यातूनच.

खोळ काय करते आणि काय करीत नाही

आता बाजारात मिळणाऱ्या खोळीकडे वळू. तिचे गुण आधी सांगतो. ती चेन आणि वरचे टाके झाकते. सॅकचे कापड व फोम पाण्याने जड होऊ देत नाही. चिखल लागू देत नाही. शिवाय ती भडक रंगाची असली तर धुक्यात पुढचा माणूस दिसतो, हा फायदा लहान नव्हे.

पण तिचे दोष तितकेच ठोस आहेत. पहिला दोष असा की ती सॅकच्या पाच बाजू झाकते, सहावी झाकत नाही. सहावी बाजू म्हणजे तुमच्या पाठीला टेकणारी. डोक्यावरून, मानेवरून ओघळलेले पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून खाली उतरते. तिथला फोम स्पंजासारखा ते पितो आणि त्याच बाजूला पट्ट्यांचे सगळे टाके असतात. दुसरा दोष, आत शिरलेले पाणी खोळीच्या तळाशी साठते. ज्या खोळीला खाली निचऱ्याचे भोक नाही ती खोळ पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत साठवून ठेवते आणि सॅकचा तळ त्यात बसून राहतो. तिसरा दोष, धारेवरच्या वाऱ्यात खोळीचे शीड होते. ती फडफडते आणि पट्टा नसेल तर उडून दरीत जाते. गडाखाली अडकलेल्या रंगीत कापडांत हीही असतात. चौथा दोष, वाटेवरच्या करवंदाच्या जाळ्या तिला मोकळे सोडत नाहीत. आणि पाचवा, जो आपल्या लक्षातही येत नाही: डबा, बॅटरी, औषध काहीही काढायचे झाले की खोळ उतरवावीच लागते, आणि नेमकी तेव्हाच सॅक उघडी पडते.

यातला दुसरा दोष मी स्वतः अनुभवला आहे. एका पावसाळ्यात मुलांना घेऊन राजगडावर गेलो होतो. सर्वांच्या सॅकवर खोळी होत्या आणि मी निश्चिंत होतो. पद्मावती माचीवर पोचून आडोशाला सॅक उघडल्या तर निम्म्या मुलांचे बदलण्याचे कपडे तळाकडून ओले. एका मुलाच्या खोळीत तर तांब्याभर पाणी होते. तो मुलगा सारखा कुडकुडत होता आणि त्याच्या दातांवर दात आपटत होते. माझा कोरडा सदरा त्याला घालायला दिला. माझा सदरा कोरडा राहिला होता तो खोळीमुळे नव्हे. घरून निघताना आईने तो सवयीने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला होता म्हणून. हा पुरावा त्या दिवशी माझ्या हातातच होता. पण मी त्यातून काही शिकलो नाही आणि पुढच्या वर्षी यादीत पुन्हा 'रेनकव्हर (आवश्यक)' असेच लिहिले.

कोरडे काय राहायला हवे?

इथे प्रश्न जरा फिरवून विचारू. सॅक कोरडी राहिली पाहिजे, की सॅकमधले काही कोरडे राहिले पाहिजे? सॅक भिजली तर ती जड होते, त्रास होतो, पण कोणाला अपाय होत नाही. कपड्यांचा शेवटचा जोड भिजला तर मात्र अपाय होऊ शकतो. कसा, ते पाहा.

पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट चांगले उष्णतावाहक आहे. त्यामुळे ओला कपडा शरीराची उष्णता भराभर बाहेर नेतो. त्यातच वारा असला तर बाष्पीभवन होते. एक ग्रॅम पाण्याची आपल्या अंगाच्या जवळपासच्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ओल्या सदऱ्यात २०० ग्रॅम पाणी असेल तर ते सारे वाळायला ५८० × २०० म्हणजे १,१६,००० कॅलरी, अर्थात ११६ किलोकॅलरी लागतील. ४५ किलो वजनाच्या मुलाच्या शरीराचे तापमान एक अंशाने उतरायला साधारण ३७ किलोकॅलरी बाहेर जाव्या लागतात. हिशेबापुरते, ती सारी उष्णता शरीरातूनच गेली आणि शरीराने नवी काहीच तयार केली नाही असे मानले, तर तापमान तीन अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण शरीर सतत उष्णता निर्माण करीत असते आणि वाळायला लागणारी काही उष्णता हवेतूनही येते. पण दमलेला, उपाशी, ओला आणि वाऱ्यात बसून राहिलेला मुलगा या लढाईत हरू शकतो. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला अल्पोष्णता म्हणतात. त्यासाठी हिमालयच लागतो असे नाही. कुडकुडणे, बोलणे अडखळणे, पाय लटपटणे, बारीकसारीक कामे हाताने न जमणे ही त्याची लक्षणे. उपाय पहिला एकच: वाऱ्यापासून आडोसा आणि कोरडे कपडे. हा उपाय ज्या कपड्यांवर अवलंबून आहे, तेच सॅकच्या तळाशी ओले झाले तर काय उरले?

तेव्हा कोरड्या राहायलाच हव्यात अशा वस्तू मोजक्या आहेत. कपड्यांचा एक पूर्ण जोड व एखादा स्वेटर, औषधे, बॅटरी आणि असल्यास फोन. बाकी सारे भिजले तरी सहल पार पडते.

आतली पिशवी

एकदा प्रश्न असा मांडला की उत्तर स्वस्त होते. धान्य साठवायला मिळते तसली जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी घ्यावी. ती सॅकच्या आत अस्तरासारखी बसवावी, तीत कपडे भरावेत, हवा दाबून काढावी, तोंडाला दोन-तीन पीळ द्यावेत आणि पीळ दुमडून दोरीने बांधावा. औषधे आणि बॅटरी आणखी एका लहान पिशवीत घालून वरच हाताशी ठेवाव्यात. डबा, बाटली व ओला टॉवेल मोठ्या पिशवीच्या बाहेर. या पिशवीला टाके नाहीत, चेन नाही, सहावी उघडी बाजू नाही. ती वाऱ्यात उडत नाही आणि करवंदाच्या काट्यांना लागत नाही. सॅक चुकून ओढ्यात पडली तरी आतले कपडे बहुधा वाचतात. बाहेरची खोळ तिथे काहीच कामाची नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि आपल्या परिसरात खतांच्या, रसायनांच्या गोणींची प्लॅस्टिकची अस्तरे सहज हाती लागतात. ती कितीही धुतलेली दिसली तरी घेऊ नका. कपडे अंगाला लागतात आणि पिशवीत काय होते याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दुसरे म्हणजे, २०१८ पासून महाराष्ट्रात हातात धरायच्या पातळ पिशव्यांवर बंदी आहे, ती योग्यच आहे. अशा पिशव्या एका फेरीत फाटतात आणि गडावरच राहतात. जाड पिशवी घ्या, घरी आल्यावर धुऊन वाळवा आणि दहावी होईपर्यंत तीच वापरा.

ही युक्ती काही माझी नाही. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड, पाटस करीत आमच्या बाजूने रोटी घाटातून उंडवडीकडे जाते. तेव्हा वारकऱ्यांकडे पाहा. सर आली की प्लॅस्टिकचा एकच मोठा कागद डोक्यावरून येतो आणि तो माणसाला व त्याच्या खांद्यावरच्या पिशवीला एकदमच झाकतो. पाठ आणि पिशवी यांच्या मधली फटच उरत नाही. आणि पिशवीच्या आत, पोथी असली तर ती आणखी एका कागदात गुंडाळलेली असते. काय भिजले तर चालेल आणि काय भिजता कामा नये, याची वर्गवारी त्यात आधीच झालेली असते.

करून पाहा

हे सारे माझ्या सांगण्यावरून मानू नका. शाळेच्या आवारात एका तासात प्रयोग होतो. एक सॅक, एक तराजू, एक झारी आणि चार कोरडे टॉवेल घ्या. टॉवेलांचे वजन करून ते सॅकमध्ये भरा. मग भरलेल्या सॅकचे वजन करा. सॅक एका मुलाच्या पाठीवर द्या आणि झारीने ठरावीक पाणी, समजा १० लिटर, दहा मिनिटांत तिच्यावर टाका. निम्मे डोक्याच्या बाजूने वरून आणि निम्मे मागून तिरके. नंतर सॅकचे वजन करा आणि टॉवेल काढून त्यांचे वेगळे वजन करा. हाच प्रयोग चार प्रकारे करायचा: काहीही न लावता, फक्त बाहेरची खोळ लावून, फक्त आतली पिशवी घालून आणि दोन्ही वापरून. दर वेळी सॅक आणि टॉवेल पुरते वाळलेले हवेत, म्हणजे चार दिवस चार प्रयोग. पाणी, वेळ आणि पाठ दर वेळी तीच ठेवा, नाहीतर तुलना फसेल.

वहीत दोन रकाने ठेवा: 'सॅकने प्यायलेले पाणी' आणि 'टॉवेलांनी प्यायलेले पाणी'. माझी अपेक्षा अशी की पहिल्या रकान्यात खोळ जिंकेल आणि दुसऱ्या रकान्यात आतली पिशवी. तसे झाले नाही तर माझे मत चुकले असे समजा आणि तसे स्पष्ट लिहा. कोणता रकाना महत्त्वाचा, हे मात्र तराजू सांगणार नाही. ते तुम्हालाच ठरवावे लागेल.

शिक्षकांसाठी दोन शब्द

काही जण म्हणतील, सुरक्षिततेच्या बाबतीत काटकसर कशाला? दोन्ही आणायला सांगा. ज्याला शक्य आहे त्याने दोन्ही जरूर वापरावीत. अनेक दिवसांची भटकंती असेल, किंवा कॅमेऱ्यासारखी वस्तू वारंवार काढायची असेल, तर खोळीचा उपयोगही आहे. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी आतली पिशवी, मग जमले तर बाहेरची खोळ. आजवर आपण दुय्यम वस्तू आवश्यक ठरवली आणि मुख्य वस्तूचे नावही घेतले नाही. ही सुरक्षितता नव्हे, सुरक्षिततेचा आभास आहे.

आणखी एक. खरी सावधगिरी सॅकच्याही आधी सुरू होते. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून पुढे 'अति जोरदार' पाऊस समजतात. घाटमाथ्यावर असा इशारा असेल तर खोळ किंवा पिशवी यांचा विचारच करू नये. सहल पुढे ढकलावी.

आणि याद्या करताना वस्तू सांगण्याऐवजी काम सांगावे, असे मला आता वाटते. 'रेनकव्हर आवश्यक' असे लिहिले की मूल दुकानाकडे पाहते आणि मग घरच्या परिस्थितीकडे. 'बदलण्याचे कपडे कोणत्याही पावसात कोरडे राहतील अशी व्यवस्था करावी' असे लिहिले की तेच मूल घरातल्या कोठीकडे पाहते आणि विचार करू लागते. विज्ञान शिकवण्यासाठी आणखी वेगळी संधी कोणती हवी?

सूचनाफलकावरची यादी मी बदलली आहे. शेवटची ओळ खोडून वरचे वाक्य लिहिले आहे. त्या मुलीचे नाव यादीत आहे आणि झारीचा पहिला प्रयोग तिच्याच सॅकवर करायचे ठरले आहे. तुम्हीही तुमच्या शाळेत तो करा आणि दोन्ही रकान्यांतले आकडे मासिकाकडे कळवा. कोकणातल्या शाळांचे आकडे आणि आमच्या पर्जन्यछायेतल्या शाळांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील.